डाळ शिजेना, दोष विहिरीचा

‘तिथे आपली डाळ शिजायची नाही’ असं आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांपुढे एखादा साहेब असतो, सरकारी कचेरी असते, नाहीतर सासरचं कुणी तिरकस माणूस. डाळ कुठेच नसते. हे बोलणं ज्या बाईच्या तोंडी पहिल्यांदा आलं, तिच्यापुढे मात्र चूल होती, चुलीवर तुरीची डाळ होती आणि जळण संपत आलं तरी डाळीचा दाणा बोटाखाली चेपत नव्हता. तिने डाळ बदलून पाहिली असेल, भांडं बदलून पाहिलं असेल. शेवटी शेजारच्या विहिरीतून घागरभर पाणी आणलं आणि तीच डाळ लोण्यासारखी शिजली.

यात चमत्कार नाही. डाळीच्या पेशी पेक्टिन नावाच्या द्रव्याने एकमेकींना चिकटलेल्या असतात. ते विरघळलं की डाळ गळते. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की ते या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतात आणि मग कितीही जाळ घातला तरी दाणा आख्खाच राहतो. चिमूटभर सोडा घातला की डाळ लवकर शिजते आणि चिंच किंवा आमसूल आधी घातलं की अडून बसते, ते याच कारणाने. म्हणून आमटीत चिंच डाळ शिजल्यावर पडते. हे रसायनशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण नव्या विहिरीचं पाणी कसं आहे ते ठरवायला बायका त्यात डाळ शिजवून बघत. जे पाणी प्यायला गोड ते शिजायला चांगलंच, असंही नाही. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली, बोअरचं खोल पाणी वापरात आलं, की हा प्रश्न आजही उभा राहतो. शहरात साठच्या दशकानंतर कुकर आला आणि तिथल्या बायकांपुरता तो सुटला.

हिंदीतही दाल गलत नाही. तूर, चणा, मसूर खाणाऱ्या सगळ्या मुलखाचा हा अनुभव आहे. मला त्यातला अर्थ फार नेमका वाटतो. ‘डाळ शिजत नाही’ म्हणजे तुझ्यात खोट नाही, डाळीतही नाही. जिथे तू चूल मांडलीस तिथलं पाणीच तसं आहे. आज ‘त्याची डाळ शिजली नाही’ म्हणताना आपण त्या माणसाचीच फजिती सांगतो. मूळचा दोष विहिरीचा होता, तो आपण माणसावर घातला.

खाण्यापिण्यातल्या म्हणी आणि वाक्प्रचार तपासताना मला हे वारंवार दिसलं. म्हणीच्या मुळाशी एखादी वस्तू असते, एखादं काम असतं, आणि बहुतेक वेळा टंचाई असते. वस्तू गेली की काम विसरलं जातं, आणि मग अर्थ हळूहळू बाजूला सरकतो.

‘तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले’ ही म्हण घ्या. धुपाटणं आता देवघरातही क्वचित दिसतं. ज्यांनी पाहिलं आहे त्यांना त्याचा आकार आठवेल: वर निखारे ठेवायला वाटी, मध्ये बारीक कंबर, खाली पसरट बैठक. ही बैठक आतून पोकळ असते. गोष्ट अशी सांगतात की एका भोळ्याला तेल आणि तूप आणायला पाठवलं आणि हाती धुपाटणं दिलं. त्याने वरच्या वाटीत तेल घेतलं. तूप कशात घ्यायचं, तर त्याने धुपाटणं उलटं केलं आणि बैठकीच्या खोलगटात तूप घेतलं. तेल तिथेच सांडलं. घरी आल्यावर विचारलं, तेल कुठे? तेल दाखवायला त्याने धुपाटणं पुन्हा सुलटं केलं. तूपही गेलं.

गोष्ट घडली असेल की नाही, याला महत्त्व नाही. महत्त्व आहे ते धुपाटण्याच्या आकाराला. दोन्हीकडून वाटी असलेलं हे एकच भांडं घरात होतं, म्हणून ही गोष्ट रचता आली. धुपाटणं न पाहिलेल्या मुलाला म्हण पाठ असते, ‘सगळं गेलं’ एवढा अर्थही कळतो, पण ते जाणं दोनदा उलटं करण्यातून झालं, हे कळत नाही. माणसाने पहिली चूक निस्तरायला जाऊन दुसरं नुकसान केलं, हा म्हणीचा गाभा आहे आणि तो त्या पितळी वस्तूशिवाय हाती लागत नाही.

म्हणींच्या उगमाच्या कथा पारखायला मी हीच कसोटी लावते. ती वस्तू काढून घेतली तर म्हण उभी राहते का? राहत असेल, तर कथा बहुधा मागाहून जोडलेली. ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ची गोष्ट अशीच. तुरी अजून बाजारात आहेत आणि वरण घट्ट करायचं की पातळ यावरून घरात मारामारी. इथे तुरीच्या जागी दुसरं कुठलंही धान्य चाललं असतं. आणि या म्हणीबद्दल आणखी एक बोललंच पाहिजे. तिच्यात नवऱ्याने बायकोला मारणं हा विनोदाचा भाग आहे. आपल्या म्हणींच्या पोतडीत जातींची हेटाळणी आणि बायकांची निंदा भरपूर आहे. जुनं म्हणून त्याचं कौतुक करायचं कारण नाही.

तेलाकडे पुन्हा येऊ, कारण तेल ही जुन्या स्वयंपाकघरातली सगळ्यात जपून वापरायची गोष्ट. ‘वड्याचं तेल वांग्यावर काढणे’ म्हणजे एकाचा राग दुसऱ्यावर काढणे. यातला ‘काढणे’ हा शब्द हिशेबाचा आहे. तेल्याच्या लाकडी घाण्यावर बैल फिरत राहायचा तेव्हा थोडं थोडं तेल गळायचं. करडईच्या बियांत तेल असतं साधारण तीस टक्के, तीळ त्याहून बरा. सणाला वडे तळले की बुधल्यातलं तेल एकदम खाली जायचं. ती तूट भरून काढायची कशावर? वांग्यावर. आता वांगं ही अशी भाजी आहे की ती तेल पितेच. तिचा गर स्पंजासारखा सच्छिद्र असतो, म्हणून भरल्या वांग्याला तेलाचा तवंग नसेल तर ते फिकं लागतं. वडे खाऊन झाले होते, खाणारे उठून गेले होते, आणि ज्याचा काही संबंध नाही त्या वांग्याच्या वाट्याचं तेल कमी झालं. निरपराध्यावर काढलेला राग सांगायला याहून अचूक जागा स्वयंपाकघरात सापडणार नाही.

ताकाची गोष्ट वेगळी, कारण ताक हा देण्याचा पदार्थ होता. ‘ताकाला जाऊन भांडं लपवणे’ हे आज फक्त आढेवेढे घेणाऱ्याबद्दल म्हणतात. त्यामागे अख्खा गाव आहे. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा ते आठ टक्के, गाईच्या दुधात चारच्या आसपास. म्हणजे डेऱ्यात रवी फिरवून लोण्याचा गोळा निघतो तो लहान, बाकी सगळं ताक. लोणी कढवून तूप होतं, ते टिकतं, विकलं जातं. ताक मात्र संध्याकाळपर्यंत आंबून जातं. त्यामुळे ज्या घरी दुभतं, त्या घरी सकाळी शेजारीपाजारी भांडं घेऊन येत आणि ताक नेत. त्याला पैसे पडत नसत. ज्याच्या घरी दुभतं नाही, त्याची ज्वारीच्या पिठाची आंबील आणि कण्या या ताकावर चालत. मागणं रोजचंच होतं, त्यात लाज नव्हती, आणि म्हणूनच भांडं पदराआड लपवणारी बाई चटकन डोळ्यांत भरायची. आता ताक पिशवीत मिळतं, त्यावर किंमत छापलेली असते आणि दुकानात कुणी भांडं नेत नाही. जी रीत मोडली ती म्हणीत शिल्लक आहे: शेजारणीकडे जाऊन ‘आहे का गं ताक?’ असं सहज विचारता येण्याची.

हरभऱ्याच्या झाडावर चढवणं समजायला तर शेताच्या बांधावर उभं राहणं पुरेसं आहे. हरभरा गुडघ्याच्या वर जात नाही. त्याच्या पानांवर आंबट खार असतो, तो इतका की रात्री पिकावर फडकं पसरून सकाळी दवासह पिळून घेतात आणि ती आंब औषधाला वापरतात. जिथे चढायला झाडच नाही तिथे माणसाला चढवलं आणि त्यालाही आपण उंचावर आहोत असं वाटलं. शहरात वाढलेल्या कित्येकांनी घाटे पाहिलेले असतात, झाड पाहिलेलं नसतं.

जात्याभोवती तर कितीतरी म्हणी आहेत, आणि ते साहजिक आहे. बाईच्या दिवसाची सुरुवात पहाटे अंधारात जात्यावर होत असे. घरात खाणारी तोंडं दहा असली की दळण रोजचं. उजव्या हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्या हाताने मुठीमुठीने दाणे वैरायचे, हात भरून आला की हात बदलायचा. शेजारी सुपात पुढचे दाणे वाट पाहत असतात. ‘जात्यातले रडतात, सुपातले हसतात’ हे तिथे बसलेल्या माणसालाच दिसू शकतं, कारण सूप आणि जातं यांच्यात अंतर हातभराचं असतं आणि ते अंतर तिच्याच मुठीने संपत असतं. जात्यावर बायका एकट्या नव्हत्या, त्यांच्याबरोबर ओवी होती. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव हिंडून, माणसं जोडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. महाराष्ट्रातल्या बायकांच्या श्रमाची इतकी मोठी नोंद दुसरी माझ्या पाहण्यात नाही. ओव्यांकडे अभ्यासकांचं लक्ष गेलं ते उत्तमच झालं. त्याच दगडावर जन्मलेल्या म्हणींचा तसा शोध व्हायचा आहे, असं मला मनापासून वाटतं.

‘आयत्या पिठावर रेघोट्या ओढणे’ या वाक्प्रचारातला राग म्हणूनच खरा आहे. पीठ आयतं नसतं. कुणाची तरी पहाट त्यात दळलेली असते. ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’ आपण ढिसाळ कारभाराबद्दल वापरतो. पण दळणाऱ्या आंधळ्या माणसाची कल्पना करून पाहा. त्याला दुसरं काम मिळत नाही म्हणून ते दळतं, आणि त्या दळण्याचंही त्याला काही उरत नाही. पुढे इंजिनावरच्या, मग विजेच्या गिरण्या गावोगाव आल्या आणि जातं भिंतीला टेकून उभं राहिलं. जात्याला टाकी लावून देणाऱ्या, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड पुन्हा खरवडून खडबडीत करणाऱ्या कारागिरांचा धंदा बसला. म्हणी मात्र चालूच आहेत.

आणि आता माझी सगळ्यात आवडती म्हण: ‘कोंड्याचा मांडा करून खाणे’.

मांडा फार जुना आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला, त्यातल्या अन्नाच्या प्रकरणात ‘मंडक’ आहे. ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मुक्ताईने मांडे भाजल्याची कथा महाराष्ट्राला पाठ आहे. खापर मिळू दिलं नाही म्हणून ज्ञानेश्वरांनी योगाग्नीने पाठ तापवली, असं ती सांगते. कथा बाजूला ठेवली तरी एक गोष्ट तिच्यातून कळते. मांड्याला उलटं तापवलेलं खापर लागतं, तवा चालत नाही. बेळगावात साखरेचा मांडा आणि खानदेशात खापरावरची पुरणाची पोळी आजही याच पद्धतीने होते. गव्हाचं पीठ बारीक चाळून सपीट घ्यायचं, कणीक भरपूर मळून तार येईपर्यंत सैल करायची, मग तो उंडा दोन्ही हातांवर झेलत, मनगटापासून कोपरापर्यंत पसरवत रुमालासारखा पातळ करायचा आणि तापलेल्या खापरावर अलगद टाकायचा. हात शिकायला वर्षं लागतात.

मुळात गहू हेच महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत सणाचं धान्य होतं. रोजची भाकरी ज्वारीची, बाजरीची, कोकणात आणि मावळात नाचणीची. त्या गव्हातूनही सगळा कोंडा काढून टाकला तेव्हा मांडा होतो. म्हणजे मांडा करायचा तर जे फेकावं लागतं ते कोंडा. आणि म्हण सांगते, त्या फेकलेल्या कोंड्याचाच मांडा कर. हे अशक्य आहे, करणाऱ्या बाईला ते ठाऊक आहे, आणि तरी तिच्यापुढे कोंडाच आहे. पाठ्यपुस्तकात या म्हणीचा अर्थ ‘काटकसरीने संसार करणे’ असा देतात. एवढ्या सपाट अर्थाने मला वाईट वाटतं. ‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ म्हणणारी माणसं कोंडा खरोखर खात होती. ‘मनातले मांडे’ही त्याच घरातले आहेत. मनात खायचे ते मांडेच का, लाडू का नाहीत? कारण लाडू वर्षातून एकदा तरी मिळत. मांडे मिळत नसत.

‘दुष्काळात तेरावा महिना’ ही म्हण याच भुकेची, पण तिच्यात पंचांगाचं गणित आहे. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सौरवर्षाहून अकरा दिवसांनी लहान. हा फरक साचत जातो आणि साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक महिना धरून भरून काढावा लागतो. सूर्य आपल्या वेळेलाच येतो, पाऊसही. पण पेवातलं धान्य बारा महिन्यांच्या मापाने ठेवलेलं असतं, सावकाराचं व्याज महिन्यावर असतं, आणि अधिक महिन्यात जावयाला अनारसे द्यायचे असतात. १८७६-७८ च्या दुष्काळाने दख्खनची जी दैना केली, ती पाहिलेल्यांना ही म्हण समजावून सांगावी लागली नसेल. १९७२ चा दुष्काळ आपल्यातल्या अनेकांनी पाहिला आहे. खडी फोडायच्या कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी त्यांच्या जिभेला अजून आठवते.

म्हणींचं वय कसं ओळखायचं? एक सोपा मार्ग पदार्थाचा. मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगिजांबरोबर आली, आणि पोर्तुगिजांनी गोवा घेतलं १५१० मध्ये. त्यामुळे ‘नाकाला मिरच्या झोंबणे’ हा वाक्प्रचार सोळाव्या शतकाच्या अलीकडचाच असला पाहिजे. त्याआधी आपला तिखटपणा मिऱ्यांचा होता, आणि मिऱ्यांचा वाक्प्रचारही मराठीत आहे: ‘डोक्यावर मिरी वाटणे’. बटाटा त्या मानाने कालचा, म्हणून जुन्या म्हणींत तो नाही.

कोल्ह्याच्या दोन म्हणींतही असाच फरक दिसतो. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही शेतात राखण करणाऱ्याची म्हण आहे, कारण कोल्हा मांसाबरोबर बोरं, काकड्या, कलिंगडं खरोखर खातो आणि नदीकाठच्या वाड्यांत शिरतो. ‘कोल्ह्याला द्राक्षं आंबट’ ही मात्र ग्रीक इसापाची. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी इसापाच्या गोष्टी मराठीत आणल्या, त्या शाळांत शिरल्या आणि पुस्तकातला कोल्हा इथलाच झाला. द्राक्षांचे मळे घराघरांना ओळखीचे झाले ते नंतर, नाशिक-सांगलीकडची द्राक्षं बाजारात मुबलक आली तेव्हा.

म्हणी जन्मायच्या थांबल्या आहेत, असं ज्यांना वाटतं त्यांनी चहाकडे पाहावं. १८९० साली पुण्यात ख्रिस्ती पाद्र्यांच्या पंचहौद मिशनमध्ये काही मंडळींनी चहा घेतला, त्यांची नावं छापून आली आणि शहरात केवढं वादळ उठलं! टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली. तोच चहा पुढे काही दशकांत गल्लीगल्लीत पोहोचला, त्याच्याबरोबर टपरी आणि किटली आली, आणि कुठल्याशा कचेरीबाहेर ताटकळलेल्या माणसाने म्हटलं, ‘चहापेक्षा किटली गरम’. साहेबापेक्षा शिपायाचा, नेत्यापेक्षा कार्यकर्त्याचा तोरा सांगायला याहून नेमकं काही नाही. चहा कपात ओतला की निवू लागतो, पण किटलीच्या धातूला हात लावला तर पोळतो. हा अनुभव टपरीवरच्या पोऱ्याचा आहे.

‘भाकरी फिरवणे’ राजकारणात इतकं रुळलं आहे की २०२३ च्या एप्रिलमध्ये शरद पवारांनी ते वापरलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी कुणालाही अर्थ सांगावा लागला नाही. त्यामागे एक जुना उखाणा आहे. भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं? तिन्हींचं उत्तर एक: फिरवलं नाही म्हणून. विड्याची पानं टोपलीत रोज खालीवर करावी लागतात, घोड्याला फेरी मारून आणावं लागतं, हे आता विसरायला झालं. तव्यावरची भाकरी तेवढी अजून पाहण्यात आहे, म्हणून तिघांपैकी तीच टिकली.

हे सगळं लिहिताना हाताशी दोन जुने आधार होते. रेव्हरंड आल्फ्रेड मॅनवॉरिंग या मिशनऱ्याने मराठी म्हणी गोळा करून इंग्रजी अर्थासह १८९९ मध्ये ऑक्सफर्डहून छापल्या. नंतर यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ दोन भागांत सिद्ध केला. दोन्ही कामं मोठी आहेत आणि दोन्हींपुढे आपण नम्र व्हावं. पण कोशात म्हण असते आणि तिचा अर्थ असतो. ती कुठल्या गावात, कुठल्या कामात, कुणाच्या तोंडी होती, हे नसतं. ते अजून माणसांपाशी आहे. ज्यांनी स्वतः जातं ओढलं, डेरा घुसळला, पेवातून धान्य काढलं, त्या बायका आज सत्तरी-ऐंशी ओलांडून गेल्या आहेत.

या दिवाळीत घरी फराळाला जमाल, तेव्हा आजीला, आत्याला, शेजारच्या मावशीला एखादी म्हण विचारा आणि अर्थ विचारू नका. त्यात आलेली वस्तू कशी होती, ती घरात कुठे असायची, तिच्यावर कोण काम करायचं, एवढंच विचारा. उत्तर त्यांच्याच शब्दांत, गावाचं नाव घालून लिहून ठेवा. वहीचं एक पान पुरेल.